देणगी देवाची, सेवा दासाची

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं स्मरणिका काढावी, तींत आजवर झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, व ज्यांनीं ज्यांनीं त्या कार्यास हात लाविला त्यांचे आभार मानावेत, ही रूढि चांगली आहे आणि ती चालत राहावी. परंतु उत्सवाच्या दिवसांत मनुष्याच्या मनास एक सूक्ष्म मोह पडतो. जें कार्य परमेश्वरानें आपल्या हातून करवून घेतलें, तें आपणच केलें असें त्यास हळूहळू वाटूं लागतें. म्हणून प्रस्तुत लेखांत इमारतींचा अथवा आंकड्यांचा इतिहास न सांगतां आम्ही निराळाच एक इतिहास सांगणार आहों. ज्यांस देवानें मोठ्या देणग्या दिल्या, आणि ज्यांनीं त्या देणग्या खालीं वांकून इतरांच्या सेवेस लाविल्या, अशा कांहीं माणसांचा हा इतिहास आहे. त्यांपैकीं एकाचें पाऊल आपल्या देवळीच्या मातीवर उमटलेलें आहे. कांहींचें कार्य येथून एका सकाळच्या चालीच्या अंतरावर घडलें. आणि एकाचें ऋण तर आपण मराठींत प्रार्थना करणारे सर्व कॅथॉलिक जन रोज ओठांवर वागवीत आहों.

प्रथम नम्रता म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे; कारण या सद्गुणाविषयीं जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कोणत्याही सद्गुणाविषयीं नसेल. आपल्या भाषेंतील 'नम्रता' या शब्दांत वांकणें आहे. लॅटिन भाषेंत नम्रतेस 'ह्युमिलितास' म्हणतात, आणि त्या शब्दांत माती आहे. कारण 'ह्युमुस' म्हणजे माती. वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. कपाशीची काळी माती सर्वांच्या पायांखालीं असते, तिच्यावरून नांगर आणि वखर फिरतात, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात; तरी पांढरें सोनें तिच्याच पोटांतून निघतें. आणि ती माती, आपण नापीक आहों, असें कधीं सांगत नाहीं! स्वतःस नापीक म्हणवून घेणें म्हणजे नम्रता, अशी समजूत पुष्कळ भाविक जनांची आहे. गाण्यास सांगितलें तर 'आम्हांस गातां येत नाहीं', शिकविण्यास सांगितलें तर 'आमची योग्यता नाहीं', असें म्हणून मागें सरणारा मनुष्य पुष्कळदां नम्र नसतो. आपलें चुकलें तर लोक हंसतील या भयानें तो आपली अब्रू राखीत असतो. संत थॉमस अक्वायनस यांनीं तेराव्या शतकांतच ही गांठ सोडवून ठेविली आहे. मनुष्यामध्यें जें देवाचें आहे तें नाकारणें नम्रतेस आवश्यक नाहीं, स्वतःमध्यें जें केवळ स्वतःचें आहे तें लहान मानावें, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. प्रभु येशूनें सांगितलेल्या दृष्टान्तांत धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणारा चाकर शिक्षेस पात्र झाला. त्या चाकरानें उधळपट्टी केली नव्हती, चोरीही केली नव्हती. देणगी वापरली नाहीं एवढाच त्याचा दोष.

याच्या उलट टोंकास दुसरा धोका आहे, आणि तो देणगी वापरणाऱ्यास असतो. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठवासीयांकरितां जे नियम लिहिले त्यांत कारागिरांविषयीं एक लहानसें प्रकरण आहे. मठांत कोणी कसबी कारागीर असेल तर त्यानें आपलें काम सर्व नम्रतेनें करावें. परंतु आपल्या कसबामुळें मठाचा फायदा होतो असा त्यास ताठा चढला, तर त्यास त्या कामावरून काढावें, आणि तो नम्र होऊन वडिलांनीं पुन्हा आज्ञा देईपर्यंत त्यानें तें काम करूं नये, अशी तेथें व्यवस्था आहे. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां हा तोट्याचा सौदा. चांगल्या सुताराचा हात रिकामा बसला तर मठाचें नुकसान होणार! पण सुताराचें लांकूडकाम सुधारत असतांना त्याचा आत्मा किडत असेल, तर तो तोटा कितीतरी मोठा, असा त्या महापुरुषाचा हिशेब होता. त्याच शतकाच्या अखेरीस परमगुरुपदावर आलेले संत ग्रेगरी यांनीं 'देवाच्या सेवकांचा सेवक' हें बिरुद धारण केलें, आणि ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च पदाशीं तें आजतागायत जोडलेलें आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावर आपलें देवळी वसलें आहे. दुसरें महायुद्ध १९३९ च्या सप्टेंबर महिन्यांत सुरू झालें, आणि हिंदुस्थानच्या लोकांचा विचार न घेतां त्यांस त्या युद्धांत गोंवण्यांत आलें. त्याचा निषेध म्हणून महात्मा गांधींनीं १९४० सालीं वैयक्तिक सत्याग्रहाची योजना आंखली. पहिला सत्याग्रही कोण होणार, याकडे देशाचे डोळे लागून राहिले होते. ज्यांच्या एका शब्दासरशीं हजारों माणसें जमत असे पुढारी त्या वेळीं थोडे नव्हते. गांधीजींनीं निवड केली ती पवनार येथें राहणाऱ्या विनायक नरहरि भावे यांची, ज्यांस आपण विनोबा म्हणून ओळखतों. पंडित जवाहरलाल नेहरू यांचें नांव दुसरें होतें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें विनोबांनीं युद्धाविरुद्ध भाषण केलें. पुढें चार दिवस ते गांवोगांव बोलत फिरले. आणि २१ ऑक्टोबर रोजीं येथें, देवळीस, त्यांस अटक झाली. तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा त्यांस सुनावण्यांत आली.

हा मनुष्य कोण, असा प्रश्न त्या वेळीं देशांत पुष्कळांनीं विचारला. कारण विनोबांचें नांव थोड्यांसच ठाऊक होतें. त्याचें उत्तर गांधीजींनीं आपल्या 'हरिजन' पत्रांत दिलें. त्यांनीं त्यांच्या संस्कृतच्या व्यासंगाचा व विलक्षण स्मरणशक्तीचा उल्लेख केला, पण आश्रमांतील झाडलोट व मैला साफ करण्यापासून स्वयंपाकापर्यंत एकही हलकें समजलें जाणारें काम त्यांनीं सोडलें नाहीं, आणि स्वभावतः विद्यार्थी असूनही आपला पुष्कळसा काळ त्यांनीं सूत कांतण्यास दिला, हेंही तेथें सांगितलें. पहिल्या मानाच्या जागीं बसविलेल्या मनुष्याची ओळख करून देतांना त्याच्या हातांतील झाडूचा उल्लेख व्हावा, यांत त्या निवडीचें मर्म आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें गांवीं झाला. विद्यार्थिदशेंतच, १९१६ सालीं, त्यांनीं आपल्या परीक्षांचीं प्रशस्तिपत्रें अग्नींत टाकलीं. या गोष्टीचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यांनीं कागद जाळले, विद्या जाळली नाहीं. संस्कृत आणि अनेक भाषांचें अध्ययन त्यांनीं पुढें जन्मभर चालविलें. त्या अध्ययनाच्या बळावर मान, पगार अथवा अधिकार मागण्याची वाट मात्र त्यांनीं स्वतःच्या हातानें बंद केली. १९२१ सालीं ते वर्ध्यास आले. आईस संस्कृत येत नसल्यामुळें तिला गीता कळत नव्हती, आणि तिच्या इच्छेची आठवण मनांत ठेवून त्यांनीं १९३० च्या ऑक्टोबरापासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत गीतेचें सोपें समश्लोकी मराठी रूप रचिलें. तेंच 'गीताई' होय. ज्या पंडितास विद्वानांच्या सभेंत मोठा शास्त्रग्रंथ मांडतां आला असता, त्यानें आपल्या विद्येची उंची एका निरक्षरप्राय बाईच्या कानापर्यंत खालीं आणली. पुढें नालवाडी येथें राहत असतांना, सूत कांतणाऱ्या मजुरास जेवढी मजुरी मिळते तेवढ्यांत आपलें पोट भरतें कीं नाहीं, याचा प्रयोग त्यांनीं स्वतःच्या देहावर करून पाहिला.

१९४६ च्या सुमारास त्यांनीं आणखी एक व्रत घेतलें. पवनारजवळच्या सुरगांवास ते खांद्यावर फावडें टाकून रोज पायीं जात, आणि तेथील मैला स्वतः साफ करीत. गीतेवर प्रवचनें देणारा ऋषितुल्य पुरुष गांवच्या घाणींत उतरला, हें दृश्य पाहून त्या काळच्या कित्येकांस संकोच वाटला असेल. आपल्याला मात्र तें पाहून वधस्तंभाच्या आदल्या रात्रींचें दुसरें एक दृश्य आठवल्यावांचून राहत नाहीं. प्रभु भोजनावरून उठला, कमरेस रुमाल बांधला, घंगाळांत पाणी ओतलें, आणि शिष्यांचे पाय धुऊं लागला. शुभवर्तमानकार योहान तेथें एक मार्मिक गोष्ट सांगतो: पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे हें ठाऊक असतांना येशूनें हें केलें. आपल्याजवळ काय आहे याची पूर्ण जाणीव त्यास होती. आणि ज्या हातांत सर्व कांहीं होतें तेच हात धुळीनें माखलेल्या पायांपाशीं गेले.

परंतु येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे, नाहीं तर या इतिहासाचा फार वाईट उपयोग होईल. विनोबांनीं जें काम स्वेच्छेनें पत्करलें, तेंच काम आपल्या देशांत लाखों माणसांवर जन्मानें लादलें गेलें होतें. त्या माणसांस कोणीं निवडीचा अधिकार दिला नव्हता. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेस बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, आणि अधिक कडक कायदा २०१३ सालीं करावा लागला, यावरून ती जखम किती खोल होती हें दिसतें. बलवानानें स्वेच्छेनें वांकणें ही नम्रता; दुर्बलास बळानें वांकविणें हा अन्याय. मालकानें मजुरास, नवऱ्यानें बायकोस, शिकलेल्यानें अडाण्यास, 'ख्रिस्ताप्रमाणें नम्र हो' असा उपदेश करणें सोपें आहे. पण ख्रिस्तानें तो उपदेश प्रथम स्वतःच्या गुढघ्यांस केला. नम्रता ही दुसऱ्याजवळ मागावयाची वस्तु नव्हे, स्वतः द्यावयाची वस्तु आहे. ज्याची मान पिढ्यान् पिढ्या खालीं दाबली गेली, त्यानें ती वर उचलून, मीही देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झालेला आहें असें म्हणणें, हा गर्व नव्हे. तें सत्य आहे, आणि नम्रतेचा पाया सत्यच आहे.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथें याच विचारांच्या छायेंत आणखी एक कार्य उभें राहिलें. १९३६ सालीं विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं तेथें महारोग्यांच्या सेवेस आरंभ केला. त्या काळीं महारोग म्हणजे जिवंतपणींचें मरण होतें. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळें होतो, हें नॉर्वे देशाच्या डॉक्टर हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढलें होतें. पण खात्रीचें औषध हातीं नव्हतें. चौलमोगऱ्याच्या तेलावर भिस्त असे. अनेक औषधें एकत्र देऊन रोग पूर्ण बरा करण्याची पद्धति जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनें रूढ झाली ती १९८१ नंतर. म्हणजे १९३६ सालीं जो या सेवेंत पडला त्यास यशाची आशा थोडी आणि लोकांच्या तिरस्काराची खात्री पुरी होती. मनोहरजी शिक्षणानें डॉक्टर नव्हते; खादी आणि ग्रामसेवा हें त्यांचें क्षेत्र. पण गरज समोर दिसली तेव्हां, माझी देणगी दुसरी आहे, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. जें येत नव्हतें तें शिकणें, हाही देणगी वापरण्याचाच एक प्रकार आहे, आणि प्रौढ वयांत पुन्हा विद्यार्थी होण्यास नम्रतेवांचून दुसरें कांहीं लागत नाहीं.

सेवाग्रामची एक हकीकत या संबंधांत अवश्य सांगितली पाहिजे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे विद्वान व गांधीजींचे तुरुंगांतील सोबती. त्यांस महारोगानें ग्रासलें, आणि ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं आपल्या कुटीजवळच त्यांच्याकरितां झोंपडी बांधविली, व स्वतःच्या हातानें ते त्यांच्या अंगास मालीश करीत. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे, कारण तिचीं चित्रें निघालीं आहेत. तिचा दुसरा भाग तितकासा कोणी सांगत नाहीं. शास्त्रीबुवा आश्रमांत संस्कृत शिकवीत, आणि विवाहविधींत पौरोहित्यही त्यांनीं केलें. ज्याची सेवा चालली होती त्याच्याजवळही देणगी होती, आणि ती देण्यास त्याला जागा मिळाली. सेवा करणाऱ्या पुष्कळ सज्जनांच्या ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं. आम्ही देणारे, तुम्ही घेणारे, अशी एकदां वांटणी झाली कीं देणाऱ्याचा हात नकळत वर राहतो आणि घेणाऱ्याचा खालीं. ख्रिस्तमंडळाचें वर्णन करतांना संत पौलानें शरीराची उपमा वापरली आहे. डोळ्यानें हातास, तुझी मला गरज नाहीं, असें म्हणूं नये, हें त्या उपमेचें तात्पर्य. ज्यास आपण मदत करतों त्याची आपल्यास गरज आहे, हें ज्या दिवशीं खरोखर पटतें, त्या दिवशीं सेवेंतील अहंकाराचें विष उतरूं लागतें. पेत्रास पाय धुवून घेणें जड गेलें, याचें कारणही हेंच. देण्यापेक्षां घेतांना मनुष्याची परीक्षा अधिक होते.

महारोग्यांच्या सेवेचा विषय निघाला असतां संत दामियन यांचें स्मरण न करणें अनुचित होईल. बेल्जम देशांतील शेतकऱ्याच्या घरीं १८४० सालीं जन्मलेले हे धर्मगुरु १८७३ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं हॅन्सेन यांनीं जंतु शोधला त्याच वर्षीं, हवाई बेटांपैकीं मोलोकाई येथें महारोग्यांच्या वसाहतींत राहावयास गेले. फार मोठे पंडित म्हणून त्यांची ख्याति नव्हती. शेतकऱ्याच्या मुलाची दणकट देहयष्टि आणि सुतारकामास सरावलेले हात, हीच त्यांची देणगी. त्या हातांनीं त्यांनीं घरें बांधलीं, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या, थडगीं खणलीं. अखेरीस त्या हातांसही तोच रोग जडला, आणि १५ एप्रिल १८८९ रोजीं ते त्याच लोकांमध्यें मरण पावले. ख्रिस्तसभेनें २००९ सालीं त्यांस संतपद दिलें. दत्तपूर आणि मोलोकाई यांमध्यें अर्ध्या पृथ्वीचें अंतर आहे, धर्मही भिन्न आहेत. पण रोग्याच्या जखमेजवळ गेलेला हात दोन्ही ठिकाणीं सारखाच आहे. इतर धर्मांमध्यें जें सत्य व पवित्र आहे त्यांतील कांहींही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां शेजाऱ्याच्या अंगणांतील दिव्याचा उजेड घेण्यांत आपल्याला कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.

आतां ज्यांचें ऋण आम्हीं प्रारंभीं सुचविलें त्या महापुरुषाकडे येऊं. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या देशांत त्या काळीं कॅथॉलिक श्रद्धा पाळणें संकटाचें होतें. रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून गलबतानें निघून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. पुढें सुमारें चाळीस वर्षें, १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, ते मुख्यत्वें साष्टी प्रांतांतच राहिले. युरोपांतील विद्यापीठांत शोभला असता असा हा विद्वान. पण येथें आल्यावर त्यास बालकाप्रमाणें पहिलें अक्षर गिरवावें लागलें. परकी भाषा शिकणें हें नम्रतेचें मोठें कठीण विद्यालय आहे. तेथें पोरेंटोरें आपली चूक काढतात, बाजारांतली बाई आपल्या उच्चाराला हंसते, आणि ज्यांस आपण शिकवावयास आलों त्यांचेंच शिष्यत्व पत्करावें लागतें. फादर स्टीफन्स यांनीं हें शिष्यत्व इतकें मनापासून केलें कीं परदेशी म्हणून आलेला हा मनुष्य मराठीच्या थोर कवींत गणला जाऊं लागला.

नवख्रिस्ती लोकांस जुन्या पुराणांची ओढ होती. त्यांच्या जागीं कांहीं रसाळ वाचन हवें, अशी त्यांची मागणी होती. फादरांनीं त्या मागणीस कमी लेखलें नाहीं. त्यांनीं आपल्या संतकवींची ओवी उचलली, पुराणाची चाल घेतली, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारें अकरा हजार ओव्यांत गायिली. तो ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापला गेला. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें मराठी ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. कवीला त्याचेंही वैषम्य न मानतां काम पुढें नेणें भाग होतें. १६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. गोमंतकांतील लोकांच्या बोलीचें व्याकरणही त्यांनीं लिहिलें होतें. दुसऱ्या धर्मगुरूंनीं त्यांत भर घातली, आणि तें छापून निघालें १६४० सालीं, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं. आपल्या श्रमाचें पुस्तक हातांत धरण्याचें सुख त्यांस लाभलें नाहीं. आज 'ख्रिस्तपुराण' आपण देवनागरींत वाचूं शकतों. तेंही त्यांच्या डोळ्यांनीं कधीं पाहिलें नाहीं.

या चित्रास काळी बाजूही आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्यानें ती झांकूं नये. त्या काळीं धर्मप्रसाराच्या पाठीशीं पोर्तुगीज राजसत्ता उभी होती. साष्टींत देवळें पाडलीं गेलीं होतीं, आणि दोन्ही बाजूंस रक्त सांडलें होतें. फादर स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीं, १६८४ सालीं, गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. ही दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. एका बाजूस एक धर्मगुरु लोकांची भाषा शिकण्यासाठीं जन्म वेंचतो. दुसऱ्या बाजूस एक अधिकारी लोकांनीं आपली भाषा शिकावी म्हणून हुकूम सोडतो. दोघेही एकाच वधस्तंभास नमन करणारे! परंतु पहिल्याच्या देणगीस नम्रता मिळाली, म्हणून ती चारशें वर्षें टिकली. दुसऱ्याच्या अधिकारास ती मिळाली नाहीं, म्हणून फर्मान धुळीस मिळालें, आणि गोंयकाराच्या घरांत आजही कोंकणी बोलली जाते.

या सर्व वृत्तांतावरून, देणगी नम्रतेनें वापरली जात आहे कीं नाहीं हें ओळखण्याच्या तीन खुणा आम्हांस दिसतात. पहिली खूण अशी कीं असा सेवक ज्याची सेवा करावयाची त्याची भाषा शिकतो. केवळ शब्दांची भाषा नव्हे, तर त्याच्या दुःखाची, त्याच्या रीतीभातींची आणि त्याच्या मौनाचीही भाषा. दुसरी खूण अशी कीं कामांत उच्चनीच तो मानीत नाहीं. ओवी रचणारा हात जखमही धुतो, आणि प्रवचन करणारा फावडेंही धरतो. तिसरी खूण अशी कीं फळाची वाट तो पाहत बसत नाहीं, आणि कार्य पुढें चालणार असेल तर आपलें नांव मागें पडल्याचें त्यास दुःख होत नाहीं.

या खुणा हातीं घेऊन आपण आपल्याच धर्मग्रामाकडे पाहावें. आपल्यांत कोणी शिक्षक आहेत, कोणी परिचारिका, कोणी धर्मशिक्षक. कोणास गळा लाभला आहे, कोणास हिशेबाची बुद्धि, कोणास चार पैसे. कपाशीचा भाव पडला, पाऊस चुकला, आणि शेजारचा शेतकरी कर्जांत बुडाला, तर त्याच्याकडे आपण कसे जातों? पोतें उतरवून, त्याबरोबर छायाचित्र काढून, दुसऱ्या दिवशीं चार ठिकाणीं सांगत फिरतों काय? कीं संध्याकाळीं त्याच्या ओट्यावर बसून, आधीं त्याचें ऐकून, मग जें द्यावयाचें तें त्याच्या मुलांच्याही ध्यानांत येणार नाहीं अशा बेतानें देतों? गायनमंडळांत ज्याचा स्वर उत्तम, तो नवशिक्याच्या बेसूर आवाजास सांभाळून घेतो, कीं त्याच्याकडे वळून पाहतो? उपवर मुलीच्या बापाला, नापास झालेल्या मुलाला, व्यसनांतून उठूं पाहणाऱ्या तरुणाला आपण सल्ला देतों तेव्हां, आपण स्वतः देवाच्या कृपेनेंच उभे आहों, हें आपल्या आवाजांत ऐकूं येतें काय? आणि आम्ही धर्मगुरु वेदीवरून बोलतों तेव्हांही हा प्रश्न आम्हांस लागू आहेच. कारण उपदेश करणें ही देणगी आहे, आणि उपदेश ऐकून घेणें ही त्याहून दुर्मिळ देणगी आहे.

देणाऱ्यांचीं नांवें फलकावर कोरूं नयेत, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कृतज्ञता हा धर्म आहे, आणि पुढच्या पिढीस आपल्या पूर्वजांची ओळख असावी. मात्र ज्याचें नांव कोरलें गेलें त्यानें फलकाकडे पाठ करून कामास लागावें, आणि ज्याचें राहून गेलें त्यानें देवाच्या वहींत तें आहे असें जाणून स्वस्थ असावें. दर रविवारीं कोणाच्या ध्यानांत न येतां देवळाची फरशी पुसणारी बाई, आणि वेदीवर फुलें ठेवून निघून जाणारें लहान मूल, यांचीं नांवें कोणत्याच स्मरणिकेंत येत नाहींत. पण सेवकाचें रूप घेतलेल्या प्रभूच्या अगदीं जवळचें आसन त्यांचेंच असेल, अशी आमची श्रद्धा आहे.

शेवटीं ज्युबिली या शब्दाचाच अर्थ आपण मनांत धरावा. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष पवित्र मानावें अशी आज्ञा आहे. मेंढ्याच्या शिंगाचा नाद होई, आणि त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळास परत जाई, दास मोकळे होत, शेतास विसांवा मिळे. या व्यवस्थेच्या मुळाशीं एकच तत्त्व होतें: जमीन देवाची आहे, आणि माणसें तिच्यावर पाहुणीं म्हणून राहतात. कोणाही इस्राएली कुळास, ही जमीन मी कमावली, असें कायमचें म्हणतां येऊं नये, म्हणून दर पन्नास वर्षांनीं तें शिंग वाजे. आपल्या देणग्यांचेंही तसेंच आहे. गळा, बुद्धि, हातांतील कसब, पदरचें द्रव्य, हीं सर्व उसनीं आहेत. आणि धनी दयाळू असला तरी हिशेब मागणारा आहे. ज्युबिलीच्या या वर्षीं त्या सर्व देणग्या आपण एकदां मनोमन मूळ धन्यास परत कराव्या, आणि त्यानें त्या पुन्हा आपल्या हातीं ठेविल्या, तर आपल्या दारीं येणाऱ्या सर्वांत लहान माणसासाठीं त्या वापराव्या. प्रभु येशूची कृपा, आणि स्वतःस प्रभूची दासी म्हणवून घेणाऱ्या पवित्र मरियेची मध्यस्थी, आपल्या देवळी गांवावर व येथील सर्व जातिधर्मांच्या कुटुंबांवर अखंड राहो. आमेन.